उपनगरी वसाहतींचा उन्हाळा : हद्द आधी वाढते, नळ नंतर येतो

मार्च उजाडला की महानगरांच्या उपनगरांतील सोसायट्यांच्या सूचनाफलकांवरचा मजकूर बदलू लागतो. संक्रांतीचे हळदीकुंकू, प्रजासत्ताक दिनाचे ध्वजवंदन आणि क्रीडास्पर्धांचे निकाल यांचे कागद उतरतात व त्यांच्या जागी नव्या सूचना येतात. पाणी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळेतच सोडले जाईल, गाड्या धुण्यास मनाई आहे, जलतरण तलाव पुढील सूचना मिळेपर्यंत बंद राहील, या महिन्याच्या देखभाल शुल्कात टँकरचा जादा आकार लावण्यात येत आहे. मुलांच्या सुटीतील शिबिरांची पत्रकेही त्याच फलकावर लागतात, पण रहिवासी आधी वाचतात ती पाण्याची सूचना.

उपनगरातील वसाहतीचा उन्हाळा नेमका कशाने ठरतो, हे समजून घेण्यासाठी बंगळुरूच्या पूर्व व आग्नेय भागातील २०२४ च्या उन्हाळ्याइतके स्पष्ट उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही. व्हाइटफील्ड, महादेवपुरा, वर्तूर, बेळ्ळंदूर ही नावे त्या वर्षी फेब्रुवारीअखेरपासून देशभरच्या बातम्यांत झळकू लागली. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रामुळे सुबत्ता आलेल्या, उंच इमारतींच्या या वस्तीत सुशिक्षित नोकरदार कुटुंबे एका बादलीत दिवस काढत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. घरून काम करण्याची मुभा द्यावी, म्हणजे कर्मचाऱ्यांना काही काळ आपापल्या गावी जाऊन राहता येईल, अशी मागणीही पुढे आली. हा केवळ दुष्काळाचा परिणाम आहे, असे तेव्हा अनेकांनी मानले. दुष्काळ होता, हे खरेच. २०२३ च्या पावसाळ्याने दगा दिल्यानंतर कर्नाटक सरकारने राज्यातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त घोषित केले होते. मात्र त्याच शहराच्या जयनगर किंवा मल्लेश्वरम यांसारख्या जुन्या भागांतील नळ त्या उन्हाळ्यातही बऱ्याच अंशी चालू राहिले. आकाश दोघांवर एकच होते. फरक जमिनीखालच्या जलवाहिनीचा होता.

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले असून त्याच्या कुशीत बारमाही नदी नाही. शहराला पाणी मिळते ते कावेरीचे. मंड्या जिल्ह्यातील तोरेकाडनहळ्ळी येथून ते सुमारे १०० किलोमीटर अंतर कापून आणि टप्प्याटप्प्याने सुमारे ५०० मीटर उंची चढवून शहरात आणले जाते. इतक्या खर्चाने आणि विजेच्या बळावर येणारे पाणी पोहोचविण्याची जबाबदारी १९६४ साली स्थापन झालेल्या बंगळुरू जलपुरवठा व मलनिस्सारण मंडळाकडे आहे. मंडळाच्या वाहिन्यांचे जाळे जुन्या शहरात दाट, तर बाहेरच्या कडांवर विरळ होते. जानेवारी २००७ मध्ये बृहन् बंगळुरू महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा भोवतालच्या सात नगरपरिषदा, केंगेरी ही नगरपालिका आणि ११० खेडी शहराच्या हद्दीत आली. एका अधिसूचनेने नकाशा बदलला. मालमत्ता कर शहराचा, पत्ता शहराचा, घराची किंमतही शहराची झाली. त्या ११० गावांसाठी आखलेला कावेरी योजनेचा पाचवा टप्पा मात्र १६ ऑक्टोबर २०२४ रोजी कार्यान्वित झाला. मधली १७ वर्षे या वसाहती प्रामुख्याने कूपनलिकांवर आणि टँकरवर जगल्या.

मार्च २०२४ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी दिलेल्या आकडेवारीनुसार शहराची दैनंदिन गरज २,६०० दशलक्ष लिटर होती. कावेरीतून १,४७० दशलक्ष लिटर आणि कूपनलिकांतून ६५० दशलक्ष लिटर पाणी मिळत होते. उरलेली सुमारे ५०० दशलक्ष लिटरची तूट होती. शहरातील सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचेही सरकारने सांगितले. हे आकडे सरासरीच्या भाषेत वाचले तर तूट पाचव्या हिश्शाहून कमी दिसते आणि संकट अतिरंजित वाटू शकते. परंतु तूट सगळ्या शहरात सारखी वाटली गेली नव्हती. कावेरीचे पाणी ज्याच्या दारात येत होते त्याला ते बहुतांशी मिळत राहिले आणि आटलेल्या कूपनलिकांचा भार जवळजवळ पूर्णपणे कडेच्या वसाहतींवर आला.

कूपनलिका अशा एकदम का आटतात, याचे उत्तर तेथील खडकात आहे. बंगळुरूच्या खाली ग्रॅनाइट व नाइस जातीचा कठीण खडक आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या, भुसभुशीत थरात आणि त्याखालच्या खडकातील भेगांत. वरचा थर पावसाने भरतो आणि उपशाने लवकर रिता होतो. त्यानंतर खोल जावे लागते. हजार फुटांपेक्षा खोल कूपनलिका तेथे आता नवलाची राहिलेली नाही. इतक्या खोलीवर पाणी लागणे हे भेग सापडण्यावर अवलंबून असते. त्यामुळे एका आवारात धो धो पाणी आणि भिंतीपलीकडच्या आवारात केवळ धूळ, असे दृश्य दिसते. शिवाय भेगा एकमेकींना जोडलेल्या असतील तर एका सोसायटीने खोल केलेली कूपनलिका शेजारच्या सोसायटीचे पाणी ओढू शकते. वाद मग पाण्याच्या पातळीवरून माणसांच्या पातळीवर येतात. मार्च २०२४ पासून नवी कूपनलिका खणण्यासाठी मंडळाची पूर्वपरवानगी सक्तीची करण्यात आली, त्यामागे हीच चढाओढ होती.

सोसायटी नव्हे, छोटे जलपुरवठा खाते

महापालिकेचे पाणी न पोहोचलेल्या वसाहतीत रहिवाशांची कार्यकारिणी प्रत्यक्षात एक छोटे जलपुरवठा खाते चालवत असते. आवारातील दोन-तीन कूपनलिका आणि बाहेरून येणारे टँकर यांचे पाणी भूमिगत टाकीत जमा होते. तेथून ते गाळून, क्षार कमी करून गच्चीवरील टाक्यांत चढविले जाते. वापरलेले पाणी आवारातीलच सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जाते व शुद्ध होऊन शौचालयांच्या टाक्यांत आणि बागेत परत येते. हे सगळे पाहणारे लोक कोण? संध्याकाळी कार्यालयातून परतलेले संगणक अभियंते, निवृत्त बँक अधिकारी, एखादी शिक्षिका. त्यांना या कामाचे वेतन मिळत नाही. पाणी गढूळ आले तर शेजाऱ्यांचा रोष मात्र त्यांनाच सोसावा लागतो.

याचा खर्च साध्या हिशेबाने मांडता येतो. मोठ्या शहरांतील पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे केंद्रीय मानक धरले जाते. तीनशे सदनिकांची सोसायटी आणि प्रत्येक घरात चार माणसे असे गृहीत धरले, तर दिवसाला १ लाख ६२ हजार लिटर पाणी लागते. कूपनलिका पूर्ण आटल्या, तर १२ हजार लिटरचे तेरा-चौदा टँकर रोज आणावे लागतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये खासगी टँकरचे दर काही आठवड्यांत दुपटीने वाढल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतर बंगळुरू शहर जिल्हा प्रशासनाने ७ मार्च रोजी दर बांधून दिले. पाच किलोमीटरच्या आत ६ हजार लिटरसाठी ६०० रुपये, ८ हजार लिटरसाठी ७०० रुपये आणि १२ हजार लिटरसाठी १,००० रुपये असा हा दर होता. पाच ते दहा किलोमीटरच्या अंतरासाठी तो अनुक्रमे ७५०, ८५० आणि १,२०० रुपये ठरला. कर त्यावर वेगळा. या बांधील दरानेही आपल्या कल्पित सोसायटीचा महिन्याचा टँकर खर्च चार लाख रुपयांच्या पुढे जातो, म्हणजे प्रत्येक घरामागे सुमारे १,३५० रुपये. दर दुप्पट झाला की हीच रक्कम २,७०० होते. ज्या कुटुंबाने वीस वर्षांचे गृहकर्ज घेऊन घर खरेदी केले आहे, त्याच्या अंदाजपत्रकात हा आकडा कधीच नव्हता.

दरनियंत्रणाचा उपयोग किती झाला, यावर मतभेद आहेत. टँकरचालकांचे म्हणणे असे होते की जवळच्या कूपनलिका आटल्याने त्यांनाही पाणी दुरून आणावे लागते व डिझेलचा आणि खेपेच्या वेळेचा खर्च वाढतो. त्यात तथ्य होते. मात्र टँकरचे पाणी आकाशातून येत नाही, तेही शहराबाहेरच्या कुणाच्या तरी शेतातील कूपनलिकेचेच असते. म्हणजे उपनगराची तहान आणखी एका वर्तुळाने बाहेर सरकते आणि ज्या गावांतून पाणी उपसले जाते, ती उद्याची उपनगरे असतात. दर बांधून देता येतो, पण आटलेल्या कूपनलिकेत त्यामुळे पाणी येत नाही. मार्चमधील त्या आदेशाची मर्यादा येथे होती.

होळी, पाडवा आणि बंद तलाव

त्याच आठवड्यात मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुणे, बागा शिंपणे, बांधकाम करणे आणि कारंजी चालविणे यांवर बंदी घातली. उल्लंघनासाठी ५ हजार रुपये दंड आणि पुन्हा चूक केल्यास त्यावर दररोज ५०० रुपये अशी तरतूद होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत २२ कुटुंबांकडून १ लाख १० हजार रुपये वसूल झाले. दीड कोटींच्या आसपास लोकवस्तीच्या शहरात २२ ही संख्या नगण्य आहे, परंतु बातमी सगळीकडे पोहोचली आणि सोसायट्यांच्या आवारातील रबरी नळ्या गुंडाळल्या गेल्या. जलतरण तलावांसाठी पेयजल वापरण्यास मनाई झाली, ती मुलांच्या सुटीच्या तोंडावरच. २५ मार्चच्या होळीला कृत्रिम पाऊस आणि तलावकाठच्या नृत्याचे व्यावसायिक कार्यक्रम ठेवणाऱ्यांना कावेरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरू नये, असे बजावण्यात आले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ९ एप्रिलला युगादी, म्हणजेच आपला गुढीपाडवा आला. २६ एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले आणि प्रचारात पाणी हा विषय सोसायट्यांच्या फाटकापर्यंत येऊन पोहोचला. तो संपूर्ण एप्रिल शहरात पावसाविना गेला. २८ एप्रिलला कमाल तापमान ३८.५ अंश सेल्सियसवर पोहोचले. थंड हवेची सवय असलेल्या या शहरासाठी हा आकडा फार मोठा होता.

नळाच्या तोंडाशी बसविण्याची एक लहानशी जाळी, जिला एरेटर म्हणतात, ती याच काळात मोठ्या संकुलांना आणि व्यावसायिक आस्थापनांना सक्तीची झाली. पाण्याच्या धारेत हवा मिसळून ती कमी पाण्यात भरघोस भासविण्याचे काम ही जाळी करते. हात धुताना त्रास जाणवत नाही आणि पाणी वाचते. बादली भरायची असेल तर मात्र बचत होत नाही, केवळ वेळ जास्त लागतो. उपाय स्वस्त व उपयुक्त आहे. तो पाणी वाढवीत नाही, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

या सगळ्या वृत्तांकनात एक बाजू झाकोळली गेली. उंच इमारतींच्या बातम्या झाल्या, कारण तेथील रहिवाशांना आपले म्हणणे मांडता येत होते. त्याच इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या, पहारा देणाऱ्या आणि बांधकामावर राबणाऱ्या लोकांच्या वस्त्या दोन गल्ल्या पलीकडे आहेत. त्यांच्याकडे ना भूमिगत टाकी, ना टँकर एकरकमी घेण्याइतके पैसे. कर्नाटकात ठिकठिकाणी असलेल्या शुद्ध पेयजल केंद्रांत नाणे टाकून स्वस्तात वीस लिटरचा डबा भरून मिळतो. मार्च २०२४ मध्ये यांपैकी अनेक केंद्रे कूपनलिका आटल्याने बंद पडली. जी चालू होती त्यांच्यासमोर रांगा लागल्या आणि काही ठिकाणी घरटी एकच डबा अशी मर्यादा आली. रांगेत दोन तास गेले की त्या दिवशीच्या कामाला उशीर होतो आणि उशिराची मजुरी कापली जाते. सोसायटीतील कुटुंबाचा टँकरवरील खर्च देयकात दिसतो. या वस्तीतला खर्च कुठल्याही देयकात दिसत नाही.

आणखी एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. शहराच्या कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. योजनेची क्षमता दिवसाला ४४० दशलक्ष लिटरची आहे आणि तलाव भरल्याने भोवतालच्या विहिरींना पाझर मिळावा, हा तिचा हेतू आहे. कोलारच्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये, असे कुणीही म्हणणार नाही. पण कोलारच्या वाटेवर असलेल्या व्हाइटफील्डमधील कोरड्या कूपनलिका आणि त्याच खोऱ्यातील बेळ्ळंदूरचा तलाव पाहिला की प्रश्न पडतो. २०१७ आणि २०१८ साली प्रदूषणामुळे ज्याच्या पृष्ठभागावर आग भडकली, तो हा तलाव. त्याच्या काठावरील इमारती पिण्याचे पाणी टँकरने आणत होत्या. २०२४ च्या संकटानंतर शहरातील तलावही प्रक्रिया केलेल्या पाण्याने भरण्याचे काम मंडळाने हाती घेतले. हे पाणी पिण्यासाठी नव्हे. भूजल वर यावे एवढीच त्यामागची अपेक्षा, आणि त्यासाठी पाण्याची शुद्धता सतत तपासत राहणे अपरिहार्य आहे.

मुंबई, पुण्याचा तोच प्रश्न वेगळ्या रूपात

महाराष्ट्रातील वाचकाला यात अनोळखी काही वाटणार नाही. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. तेथेही नळ येण्याआधी इमारती आल्या. महापालिकेचे पाणी येईपर्यंत पुरवठा आपण करू, असे हमीपत्र विकसकाने द्यायचे आणि सदनिका विकून झाल्यावर ते सोसायटीच्या गळ्यात पडायचे, हा तेथील परिचित क्रम आहे. काही सोसायटी संघटनांनी या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली.

मुंबईचे चित्र निराळे आहे. तेथे सात जलाशय आहेत, त्यांची एकत्रित साठवण क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरहून अधिक आहे आणि उपनगरांतही महापालिकेच्या वाहिन्या आहेत. हा साठा ३१ जुलैपर्यंत पुरविण्याचा हिशेब दरवर्षी केला जातो. तो चुकू लागला की कपात येते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागू होती. तरीही मुंबई टँकरवर किती अवलंबून आहे, हे एप्रिल २०२५ मध्ये उघड झाले. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या नियमांनुसार विहिरी व कूपनलिका मालकांना ना-हरकत प्रमाणपत्र घेण्याच्या नोटिसा महापालिकेने बजावल्या आणि त्या पाळणे अशक्य असल्याचे सांगत टँकरचालकांनी १० एप्रिलपासून संप पुकारला. बांधकामे, उपाहारगृहे आणि पुरवठ्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या सोसायट्या यांची कोंडी झाली. अखेर महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन विहिरी व टँकर ताब्यात घेण्याचा निर्णय जाहीर करावा लागला आणि १४ एप्रिलला संप मिटला. भूजलाच्या बेसुमार उपशाला आळा घालणारा नियम योग्यच होता. पण ज्या पाण्याची अधिकृत पुरवठ्यात गणनाच नव्हती, ते चार दिवस थांबताच आपत्तीविषयक कायदा वापरावा लागतो, ही बाब त्या नियमाइतकीच बोलकी आहे.

बंगळुरूत पाचव्या टप्प्याचे ७७५ दशलक्ष लिटर पाणी आता उपलब्ध झाले आहे. तरी ११० गावांतील प्रत्येक सोसायटीने तातडीने जोडणी घेतली, असे घडले नाही. जोडणीसाठी इमारतीच्या क्षेत्रफळानुसार आकारले जाणारे शुल्क मोठे आहे आणि ते एकदम भरण्यास अनेक सोसायट्या कचरतात, म्हणून हप्त्यांची सोय करण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये पाणीपट्टीही वाढली, २०१४ नंतर प्रथमच. वाहिनी दारापर्यंत आल्यावर सभेत होणारी चर्चा वेगळी असते : एकरकमी शुल्क भरून कावेरीचे पाणी घ्यावे, की कूपनलिका चालू आहेत तोवर थांबावे. पहिल्या मजल्यावरील भाडेकरूचे आणि गुंतवणूक म्हणून घर घेऊन परदेशी राहणाऱ्या मालकाचे उत्तर एकसारखे नसते, आणि मत मालकाला असते, भाडेकरूला नसते.

२०२४ चा तो उन्हाळा २ जूनला पावसाने संपवला. त्या एका दिवशी बंगळुरूत १११ मिलिमीटर पाऊस झाला. जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा १८९१ चा उच्चांक त्याने मोडला. रस्ते तुंबले, शेकडो झाडे कोसळली आणि महिनाभरापूर्वी टँकरची वाट पाहणाऱ्या शहरात पाणी उपसण्याचे पंप लावले गेले. २,४०० चौरस फूट व त्याहून मोठ्या भूखंडावरील जुन्या इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे करणारी तरतूद कर्नाटकात २००९ पासून अस्तित्वात आहे. एक हजार चौरस मीटरच्या गच्चीवर त्या दिवशी १ लाख ११ हजार लिटर पाणी पडले. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १२ हजार लिटरचे सात टँकर त्यात भरले असते.